साळुंकीच्या अकरा हाका

सुतारकाकांची बायको गेली आणि परसातल्या नोंदी काकांच्या गळ्यात पडल्या. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहायची, ‘जास्वंद चार, बुलबुल आले, ढग आहेत पण पाऊस नाही.’ काका कानावरची पेन्सिल काढून लिहायचे, ‘जास्वंदीची नवी फांदी नऊ इंच. पाऊस तीन सूत.’ हो, पाऊससुद्धा सुतात, इंचाच्या आठव्या हिश्श्यात! डब्यात पट्टी घालून मोजायचे. ढगांना माप लागत नाही म्हणून गृहस्थ चिडायचा.

बायको परसातच गेली होती, फुलं काढताना. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेल्या असतील. तेवढ्या एका वाक्यावर काका जगत होते. परगावच्या मुलीलाही त्यांनी हेच सांगितलं, “तुझ्या आईला काही कळलंसुद्धा नाही, बाळा.”

दीड महिन्याने, एका ढगाळ दुपारी, तगरीमागून हाक आली.

“अहो! ऐकलंत का?”

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज, शेवटचा ‘का’ तसाच लांबवलेला. ते अनवाणी धावले. परसात चिटपाखरू नव्हतं म्हणावं, तर कुंपणावर एक साळुंकी बसली होती. तिने मान वाकडी करून काकांकडे पाहिलं आणि चोच उघडली. “अहो!”

आता साळुंकी नकला करते हे कुणाला ठाऊक नाही? कुकरची शिट्टी काढते, फोनची रिंग काढते. काका मटकन पायरीवर बसले, हसले, मग ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दाणे टाकून तिची वाट बघायला लागले.

पाचव्या दिवशी हवा पडली होती, पान हलत नव्हतं. त्या दिवशी साळुंकी दोन हाकांवर थांबली नाही. तिसरी हाक मोठ्याने आली. मग घाबरलेली. मग धाप लागलेली. मध्येमध्ये तिच्या गळ्यातून आणखी एक आवाज निघत होता, बारीक, एकसारखा, घर्रर्र. तो काकांना ओळखावा लागला नाही. ते त्यांचं रंधा मशीन होतं. बायको गेली त्या सकाळी ते पुढच्या खोलीत फळ्या तासत होते, कानांत कापसाचे बोळे कोंबून.

काकांनी दाणे टाकणं बंद केलं, तरी ती रोज येऊन सगळ्या हाका मारायची. मुलगी रविवारी येणार होती, आणि तिच्या कानावर हे पडलं तर? त्यांनी दगड उचलला, पण हात काही उठेना. मारायचं कुणाला? तो आवाज जगात आता तिथेच तेवढा उरला होता.

रविवारी बापलेक मागच्या पायरीवर चहा घेत बसले होते. साळुंकी आली.

“अहो! ऐकलंत का?”

मुलीच्या कपातला चहा सांडला. “बाबा! आई! अगंबाई, अगदी आई!” ती हसत होती, डोळे वाहत होते, आणि रेकॉर्ड करायला फोन चाचपत होती. काकांनी टाळी वाजवून पाखरू उडवायला हात वर केले. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली आले.

“तो फोन ठेव,” ते म्हणाले. “मी तुला खोटं सांगितलं. आई लगेच नाही गेली. तिने मला हाका मारल्या. मी मशीनवर होतो.”

कुंपणावरून मोठी हाक आली. मुलीचा हात तिथेच थांबला.

“किती?”

“अकरा. रोज अकराच.”

दोघं ऐकत राहिली. घर्रर्र आणि हाक, घर्रर्र आणि हाक. दहावी तर नुसता श्वास होता. मुलीने काकांचं मनगट इतकं घट्ट आवळलं की नखं रुतली.

“ओ तरी द्या तिला, बाबा!” ती ओरडली. “आता तरी ओ द्या!”

काकांनी कुंपणाकडे तोंड वळवलं. “ओ,” ते म्हणाले. “आलो गं. आलोच.”

साळुंकी चोच मिटून त्यांच्याकडे बघत राहिली. अकरावी हाक आलीच नाही.