वाकडीची अंडी

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात कोंबड्या विकून मी स्वतःच्या पायावर उभा राहत होतो. एका उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगाने गावातल्या कोंबड्या साफ झाल्या. शेजारच्या मेंढपाळाच्या घरची एकच वाचली, मान कायमची वाकडी होऊन. पुढे रोग पुन्हा आला, तेव्हा माझी पिल्लं पटापट मेली आणि त्या वाकडीची सगळी जगली.

मेंढपाळाची बायको, जिला मी मावशी म्हणायचो, पिल्लांना काहीतरी चारत असणार, अशी मला शंका. कुडाच्या फटीतून पाहत राहिलो. ज्वारीच्या कण्या आणि पाणी, दुसरं काही नाही. म्हणजे गुण वाकडीच्या उबेत असणार, असं मी ठरवलं.

वाकडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, तेव्हा माझीही एक झालेली होती. मी सौदा सुचवला : माझी अंडी वाकडीखाली, वाकडीची अंडी माझ्या कोंबडीखाली, ज्याची अंडी त्याची पिल्लं. मावशीने जराही घासाघीस केली नाही. तिथेच मला खटकलं. म्हणून सगळी अंडी मी स्वतः मांडली, त्यांवर कोळशाच्या खुणा केल्या.

पिल्लं निघाली आणि पाठोपाठ मानमोडी आली. माझी कोंबडी मेली. तिने उबवलेली मावशीची पिल्लं मात्र माझ्याच अंगणात दाणे टिपत हिंडत होती. तिकडे वाकडी ठणठणीत, आणि तिच्या पंखाखाली माझी पिल्लं मरून पडलेली.

"अंडी बदललीस तू!" मी ओरडलो.

"खुणा कुणी केल्त्या रं? रोज येऊन बघत व्हतास की. आन् आता माझ्यावर कावून वरडतूस?" असं म्हणत ती तिची पिल्लं पाटीत भरू लागली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गुण उबेत नव्हता, अंड्यात होता.

"मावशी, वाकडीची अंडी दे मला. म्हणशील तो भाव."

"अंडी न्हाई बाबा. कोंबडी ने की बसवायला, तुला लई आवडती!"

बऱ्याच वर्षांनी गुरांच्या एका डॉक्टराने सांगितलं, की रोगातून उठलेली कोंबडी त्या रोगाशी लढायचं बळ अंड्यातून पिल्लाला देते. ते थोडेच दिवस पुरतं. पटलं मला. पण वाकडी मरेपर्यंत मावशीने ती मागेल त्याला बसवायला दिली, तिचं अंडं मात्र कुणालाच नाही. मग गुण अंड्यात आहे हे मावशीला ठाऊक नव्हतं, असं मी कसं मानू?