वाजणारी तक्रारपेटी

जुनी माणसं भेटली की किस्से निघतातच. त्यात ती धर्मार्थ संस्थेतली असली तर विचारूच नका! लढाईच्या दिवसांत मी सांगलीतल्या एका धर्मार्थ दवाखान्यात कारकून होतो. औषधांची कायम टंचाई. किश्शांची मात्र कधी जाणवली नाही.

* * *

आमचे अध्यक्ष साताऱ्याला राहायचे आणि वर्षातून दोनदा यायचे. एकदा आले ते फर्मान घेऊनच: संस्थेत काही गैर दिसलं तर लिहून पेटीत टाका, नाव गुप्त राहील, तक्रारदाराला संरक्षण मिळेल.

पेटी मिरजेच्या एका तंबोरेवाल्यानं धर्मादाय करून दिली. उरलेलं उत्तम लाकूड, वर पॉलिश. पण बिचाऱ्याचा हात सवयीनं चालला. झाकण नुसतं टेकलं तरी पेटी अशी घुमायची की व्हरांड्यातले सगळे रोगी मान वळवून बघायचे. कोण टाकतोय तक्रार?

शेवटी आत कापूस भरला. तो कापूस ड्रेसिंगचा होता, ही पेटीतली पहिली तक्रार.

* * *

ती केली आमच्या गणपत कंपाउंडरनं. अध्यक्ष बेहद्द खूश झाले. गणेशोत्सवात भर सभेत म्हणाले, "ज्यांचं नाव गुप्त ठेवायचं आहे, त्या गणपतरावांनी कृपया पुढे यावं!" हार घातला, नारळ दिला, टाळ्या झाल्या.

कापूस भरायला सांगणारे आमचे सेक्रेटरी भाऊसाहेब. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात गणपतची बदली शिराळ्याला. तिथली आमची शाखा म्हणजे एक खोली आणि एक बाक.

पुढच्या वर्षी नागपंचमीला मी त्याला भेटायला गेलो, तर गडी मजेत. म्हणाला, "हितलं नाग बरं हायती गड्या. फणा काढायचा तर तोंडावर काढत्यात."

गणपतच्या बदलीपासून पेटीला कोणी हात लावेना. तक्रार म्हणजे शिराळा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

* * *

आमच्या स्वयंपाकघरात सोनाबाई होती. नवरा पलटणीत, दोन पोरं सांगलीच्या शाळेत. रोग्यांचं दूध तीच तापवायची. भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, अधूनमधून बायका-रोग्यांची विचारपूस करायला यायच्या आणि जाताना सोनाबाईपाशी घटकाभर टेकायच्या. दोघींचं चांगलं जमायचं.

आणि एका सोमवारी पेटीत पत्र निघालं: "खाटेवरच्या माणसांचं दूध रोज सेक्रेटरींच्या घरी जातं. त्या घरात कोणी आजारी नाही. दुधाची खीर होते."

पेटीची किल्ली आता भाऊसाहेबांकडेच! पत्र वाचून त्यांचा चेहरा बघवेना.

* * *

लगेच चौकशी. सगळ्यांनी एकेका कागदावर लिहायचं, "रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा." भाऊसाहेब भिंग घेऊन बसले. माझं अक्षर दोनदा तपासलं. डॉक्टरांचं अक्षर कोणालाच लागेना, म्हणून ते सुटले. सोनाबाईनं अंगठा उठवला.

एकाचंही अक्षर जुळेना. भाऊसाहेब म्हणाले, दूध हिच्या हातातलं, म्हणजे हिनंच कोणाकडून तरी लिहवून घेतलं. सोनाबाई, उद्यापासून शिराळा.

ती दाराला धरून उभी राहिली. "आवं सायेब, पोरांची साळा हाय हितं. आन् त्येंच्या बापाचं कागद बी ह्याच पत्त्यावर येत्यात."

मला फार वाईट वाटलं. पण तोंड उघडायची छाती झाली नाही, हे कबूल करतो.

भाऊसाहेबांनी बदलीचा हुकूम लिहायला घेतला, तेवढ्यात घरून त्यांचा जेवणाचा डबा आला. डब्यावर नेहमीसारखी वहिनींची चिठ्ठी: "मेथी आहे. भाकरी टाकू नये. आजपासून खीर बंद."

भाऊसाहेबांनी चिठ्ठी वाचली. मग पत्र वाचलं. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर भिंग फिरवलं.

त्यांनी हुकूम फाडला. पत्र आणि चिठ्ठी घडी घालून आतल्या खिशात ठेवली, डबा उघडला आणि खाली मान घालून म्हणाले, "सोनाबाई, जा, रोग्यांचं दूध तापवा. आणि कारकून, लिहून घ्या. नियम म्हणजे नियम. तक्रारदाराचं नाव गुप्तच राहील!"