वेताच्या खुर्चीपुढं केलेला स्वयंपाक

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या नवऱ्याचं दुबईला जायचं चाललं होतं. तो फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. तिकडं गेलेल्या त्याच्या मित्रानं निरोप पाठवला, की वहिनींना लेबनीज स्वयंपाक येत असेल तर त्यांनाही एखाद्या हॉटेलात लगेच काम मिळेल. लेबनॉन नकाशात कुठं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि नगरमध्ये हा स्वयंपाक शिकवणार कोण? पण थोड्याच दिवसांत सावेडीत, आमच्या घरापासून जवळच, एका बैठ्या बंगल्याच्या फाटकावर पाटी दिसली. पत्र्यावर निळ्या रंगात हातानं लिहिलेली. लेबनॉनचे घरगुती पदार्थ शिकवले जातील, फक्त बायकांसाठी, दुपारी.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. उंच, हडकुळ्या, केस मागं घट्ट बांधलेले. माहेर पुणतांब्याचं. नर्सिंग करून कुवेतला गेल्या आणि तिथल्या एका लेबनीज कुटुंबात अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करत बरीच वर्षं राहिल्या. लग्न केलं नव्हतं. कुवेतवर इराकनं हल्ला केला तेव्हा परत आल्या. एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि लगेच लसूण सोलायला दिला.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो. मी दगडी खलात भिजवलेले, शिजवलेले काबुली चणे कुटत होते. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. एकदम त्या म्हणाल्या, "बस."

मी खाली बसले.

बाई हसल्या. "अगं, बसायला नाही सांगितलं. थांब म्हणाले. तिकडंही 'बस'च म्हणतात, पुरे झालं की. तेता सारखं म्हणायच्या."

तेता म्हणजे तिकडं आजी. ती म्हातारी.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर स्वच्छ उशी, पाठीवर विणलेला रुमाल. घरात बसायला तेवढी एकच बरी खुर्ची होती, पण तिच्यावर कुणी बसायचं नाही. आम्ही खाली पाटावर बसायचो. बाई स्वतः कधी चव घेत नसत. पदार्थ होत आला की चमच्यावर थोडं घेऊन त्या खुर्चीकडं जात, थोडं वाकून चमचा पुढं धरत आणि थांबत. मग परत येऊन सांगत, "लिंबू कमी आहे म्हणतात."

आणि लिंबू कमीच असायचं.

आमच्यातली एक जण हॉलमधली बुद्धाची तसबीर बघून गेली ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. दुसरी त्या खुर्चीमुळं गेली. जाताना फाटकापाशी माझा दंड धरून म्हणाली, "तूही येऊ नकोस गं. ती बाई रिकाम्या खुर्चीला भरवते."

मी जात राहिले. दुबईचं कारण होतंच, पण खरं सांगायचं तर मला ते शिकणं आवडायला लागलं होतं. बाईंनी तेलाच्या डब्यांमधून पार्सलीची रोपं लावली होती. आम्ही गहू उकडून गच्चीवर वाळवले आणि जात्यावर जाडसर भरडले. नगरच्या उन्हात ते दोन दिवसांत खडखडीत झाले. वांगं भाजायचं आपल्यासारखंच, पण पुढं त्यात वाटलेले तीळ आणि लिंबू. मुतब्बल म्हणतात त्याला. ते मी डब्यात घालून घरी नेलं. सासूबाईंनी भाकरीबरोबर एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबल्या.

"हे तू केलंस?"

"हो. का?"

"म्हाताऱ्या बाईच्या हातचं लागतंय," त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी खाल्लं नाही. डबा झाकून माझ्याकडं सरकवला.

बाईंबद्दल मी घरी नीटसं काहीच सांगितलं नव्हतं. खुर्चीबद्दल तर अजिबात नाही.

मार्चमधल्या एका दुपारी मी तूम करत होते. लसूण मिठाबरोबर लोण्यासारखा वाटायचा आणि त्यात थेंब थेंब तेल सोडत घोटत राहायचं. पांढरं, फुगलेलं होतं ते. पण तेल जास्त झालं की एका क्षणात फाटतं. फाटकाची कडी वाजली म्हणून बाई बाहेर गेल्या. गवळी आला होता, त्याच्याशी दुधावरून त्यांचं काहीतरी चाललं होतं. मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. लाइट गेलेली, पंखा बंद. मी एका हातानं बत्ता फिरवत होते, दुसऱ्या हातानं तेल सोडत होते.

"बस."

माझा हात थांबला. आवाज मागून आला, दारापासून. उभ्या माणसाच्या उंचीवरून नाही, खालून. बसलेल्या माणसाचा. बारीक, थोडा घोगरा. मी "हो बाई" म्हणाले, आणि त्याच वेळी फाटकाशी बाई गवळ्याला म्हणत होत्या, "उद्यापासून अर्धाच लिटर घाल रे."

मी मागं वळले नाही. वळताच येईना. खलातल्या पांढऱ्या लसणाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं मागं वेत करकरला, ऊन लागल्यावर करकरतो तसा. पण त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं.

बाई दुधाचं पातेलं घेऊन आत आल्या. खलात बघून म्हणाल्या, "बरोबर वेळेला थांबलीस. आणखी थेंबभर पडलं असतं तर फाटलं असतं."

"तुम्ही म्हणालात ना बस?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग खुर्चीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरातलं माणूस आपल्याला सोडून दुसऱ्याशी बोललं की वाटतं तसं काहीतरी होतं.

"आज तुझ्याशी बोलल्या होय," त्या म्हणाल्या.

मी घरी जायला निघाले. चपला घालत होते. बाई पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जरा टेक इथं. उन्हात. सांगते तुला."

हल्ल्याच्या वेळी तेतांचा मुलगा आणि सून मुलांना घेऊन सुट्टीसाठी बैरूतला गेले होते. परत येता येईना. फोन बंद. फ्लॅटमध्ये म्हातारी आणि बाई, दोघीच. तो सगळा स्वयंपाक बाईंना त्या दिवसांत आला. तेता पलंगावर पडून सांगायच्या. दिसायचं कमी, पण खलाच्या आवाजावरून त्यांना कळायचं किती वाटलं गेलंय. घरात होतं तोवर डाळ, गहू, तीळ. मग तेही संपत आलं. तेतांचं खाणं सुटलं आणि एक दिवस त्यांनी किब्बे मागितलं. मटण आणि भरडलेला गहू एकजीव कुटून, थाळ्यात थापून, वर सुरीनं शंकरपाळ्यासारख्या रेघा ओढून भाजतात ते.

"मटण कुठलं मिळायला," बाई म्हणाल्या. "दुकानंच उघडत नव्हती. मी म्हणलं, ओव्हनमध्ये ठेवलंय तेता, होतंय. दर थोड्या वेळानं विचारायच्या, झालं का? मी म्हणायचे, होतंय. रिकामा ओव्हन चालू केला गं मी. त्यांना आवाज यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या त्या. झालं का, असंच विचारत."

शेजारच्या लोकांनी म्हातारीला पुरलं. बाई मिळेल त्या गाडीनं आणि मग विमानानं परत आल्या. पुणतांब्यात भावाकडं उतरल्या तेव्हा भावजय चुलीपाशी होती. आणि बाईंना मागून ऐकू आलं, झालं का?

"म्हणून मी सावेडीत घर घेतलं. भावाच्या घरात लेकरं आहेत. ती घाबरायला नकोत."

"मग पाटी कशाला लावलीत?"

"त्यांना माणसं आवडायची स्वयंपाकघरात."

त्यानंतर मी काही दिवस गेले नाही. पण घरी चहा करताना, भाजी परतताना कान मागं असायचे. कुणी काही बोललं नाही. त्याचंही बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच वाटायचं. शेवटी गेले.

त्या दिवशी बाईंचा धाकटा भाऊ आला होता. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात ऊस आणि पेरूंची पिशवी. तो हॉलमध्येच बसला होता. स्वयंपाकघराकडं पाठ करून.

"तुमी तरी सांगा हिला," तो मला म्हणाला. "लई वाळलीय. आमी नेतो म्हणतो तर येत न्हाई. हितं काय हाय हिचं? खाती तरी का काय? एवढं रांधती, आन् सोता घास खात न्हाई."

बाई आत पेरू धूत होत्या. मी आत गेले आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्ही सगळं शिकवलंत. किब्बे कधीच केलं नाहीत."

पाणी वाहत राहिलं. त्या म्हणाल्या, "तेवढं एक करत न्हाई मी." आणि नळ बंद करून, "केलं की संपलं ना मग."

पण पुढच्या रविवारी त्यांनीच मला लवकर बोलावलं. मटण आणून ठेवलं होतं. ते आम्ही खलात कुटलं, आळीपाळीनं. चरबी नाही, शिरा नाहीत, नुसतं मांस. मग भिजवलेला भरडा, कांदा, दालचिनी, मिरी. खांदे भरून आले. बाई एकदाही खुर्चीकडं गेल्या नाहीत, एकदाही चमचा पुढं धरला नाही. थाळ्यात थापताना त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती, आवाज नव्हता. रेघा ओढल्या, तूप सोडलं. काचेच्या झाकणाचा तो गोल ओव्हन लावला आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो.

वास सुटला. आधी तुपाचा, मग दालचिनीचा. आणि त्यात आणखी एक, जो आम्ही घातला नव्हता. औषधाच्या मलमाचा आणि जुन्या अंथरुणाचा. आजारी माणसाच्या खोलीत येतो तो. बाईंनी डोळे मिटून घेतले.

थाळा काढला. बाईंनी मधला तुकडा बशीत घेतला, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "झालं, तेता. खा."

बाहेरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग काहीच नाही. मी बशीकडं बघत होते. वाफ सरळ वर चालली होती. मग ती एका बाजूला वाकली, कुणी तोंड जवळ नेल्यावर वाकते तशी. दार बंद होतं, वारं नव्हतं. आणि उशी वर आली. एवढंच. दाबलेली उशी माणूस उठल्यावर हळूहळू फुगते, तशी. मी इतके दिवस ती खुर्ची पाहत होते, पण ती उशी दबलेली आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

बाई तशाच बसून होत्या. पुष्कळ वेळानं त्यांनी बशीतला तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मी त्यांना खाताना पहिल्यांदाच बघत होते. चावता चावता त्या रडायला लागल्या. मला वाटलं, बाई सुटल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पण त्या सुटल्या नव्हत्या, निदान मला वाटलं तशा नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी चणे कुटले आणि मला विचारलं, "तीळ किती घालतो गं आपण?" मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. पार्सली त्यांनी कोथिंबिरीसारखी बारीक चिरून आमटीत घातली. कितीतरी शब्द मीच त्यांना सांगत होते. उन्हाळा संपायच्या आत त्यांनी पाटी काढली, घर विकायला काढलं आणि भाऊ टेम्पो घेऊन आला. ती वेताची खुर्चीसुद्धा इतर सामानात पालथी करून टाकली होती.

दुबईचं पुढं जमलं नाही. नवऱ्यानं संगमनेरच्या रस्त्यावर दुकान टाकलं, आणि दोनेक वर्षांनी एकदा त्याच्या कामासाठी आम्ही पुणतांब्याकडं गेलो तेव्हा मी बाईंना भेटायला गेले.

मळ्यातलं घर. बाई ओसरीवर घेवडा निवडत होत्या. अंग भरलं होतं, गाल वर आले होते. भावाची धाकटी मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसलेली. मला बघून त्यांना फार आनंद झाला. भावजयीनं जेवायला वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. बाई पोटभर जेवल्या, वर ताक प्यायल्या. सगळ्यांसमोर हसत बोलत होत्या.

निघताना मात्र माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आल्या. मागं कुणी येत नाही ना बघून त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडं आल्या का त्या?"

दुसऱ्या गावी दिलेल्या बहिणीबद्दल विचारावं तसं विचारलं त्यांनी.

"नाही, बाई."

"खरं सांग. राग नाही येणार मला."

"खरंच नाही आल्या."

त्यांनी मान हलवली. पाटातल्या पाण्याकडं बघत राहिल्या.

"सगळे म्हणतात बरी झालीस," त्या म्हणाल्या. "झालेच की. झोप लागते, जेवण जातं. पण तुला सांगते, त्या दिवशी खाऊ घातलं नसतं तर राहिल्या असत्या."

रस्त्यावरून माझ्या नवऱ्यानं स्कूटरचा हॉर्न वाजवला. बाईंनी माझ्या पदरात घेवड्याच्या दोन मुठी टाकल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि घराकडं वळल्या. ओसरीवरून पोरगी त्यांना हाका मारत होती. त्यांनी तिच्याकडं बघून हात हलवला, पण चालताना मध्येच एकदा थांबल्या, मान थोडी कलती करून, मागचं काही ऐकू येतंय का बघावं तशा. मग पुढं गेल्या.