काटा शून्यावर, गड गप्प

नारायणगडावरची पोस्टिंग मला लष्करानं दिलेली नव्हती. सिग्नल रेजिमेंटमधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी शिरूर कासारला परतलो होतो आणि हौशी रेडिओचं लायसन काढलं होतं. साल दुष्काळाचं. गडावर यात्रा भरत होती आणि तिथली विहीर आटली होती. सहकारी दूध संघानं आपले टँकर पाण्यासाठी दिले. ते तलवाड्याच्या विहिरीवर भरायचे. गर्दी पाहून रस्ता ठरवायचा होता, म्हणून गडावरून निरोप आल्याशिवाय हलू नका, अशी ड्रायव्हरांना ऑर्डर होती. मोबाईल त्या भागात अजून पोचले नव्हते.

तलवाड्याला सेटवर माझा रेजिमेंटचा जोडीदार, माजी नायक रंगनाथ. गडावर मी, आणि शेजारी खुर्ची टाकून संघाचे चेअरमन अण्णा. अँटेनासाठी उंच बांबू, केबल आणि नवा कोरा मीटर त्यांनीच आणला होता.

अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत आली, ते हा मीटर दाखवतो. काटा जितका खाली तितकं चांगलं, असं मी अण्णांना सांगितलं. बटण दाबलं. काटा शून्यावरून हललाच नाही.

“पैकीच्या पैकी,” अण्णा म्हणाले.

“तलवाडा, तलवाडा, धिस इज गड. टँकर सोडा. ओव्हर.”

उत्तर नाही. पाच-सहा वेळा हाक मारली. मग खरखरीतून रंगनाथचा बारीक आवाज आला. त्याचा सेट दणकट होता. त्याचं आम्हाला ऐकू येत होतं, आमचं त्याला नाही.

“गड, झोपला काय बे? कावून बोलंना? चेअरमननं मीटर नवं आणलं अन् मानूस जुनाच बसवलाय. ओव्हर.”

अण्णा माझ्याकडं पाहून हसले. पुढचं वाक्य त्यांच्याबद्दल होतं. ते इथं लिहिता येणार नाही. अण्णांनी खुर्ची थोडी लांब सरकवली.

तोवर ऊन चढलं. रांजण कोरडे पडले. दर्शनाच्या रांगेतल्या एक आजी घेरी येऊन खाली बसल्या. अण्णांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्यांना पाजलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

“सुभेदार, मीटर तर चांगलं सांगतंय. मग तलवाड्याचाच सेट बिघडला आसंल.”

मी बांबू आडवा करायला लावला आणि अँटेनाची पिन काढून ठेवली. आता केबलच्या टोकाला काहीच नव्हतं. पॉवर कमी करून क्षणभर बटण दाबलं. सगळी पॉवर परत येऊन काट्यानं उडी मारायला हवी होती. तो शून्यावर शांत.

“अँटेना न्हाई, तरी पैकीच्या पैकी?” अण्णांनी विचारलं.

“पॉवर परत येत नाही, एवढंच मीटर सांगतो. ती वर गेली असं तो म्हणत नाही. केबलच सगळी खाते आहे.”

मी चाकूनं केबल कापली आणि टोक खाली धरलं. आतून पाण्याची धार लागली. मग अण्णांकडूनच कळलं: संघात दुधाचे कॅन धुतात, तिथल्या नाल्यात उघड्या टोकांचं ते वेटोळं महिनाभर पडून होतं.

अण्णांनी धारेखाली बोट धरलं. “आख्ख्या तालुक्यात पानी न्हाई, अन् ह्याच्या पोटात हाय.”

माझ्या पिशवीत स्वतःची एक आखूड केबल होती. ती बांबूच्या टोकापर्यंत पुरेना, म्हणून अँटेना धर्मशाळेच्या कठड्याला बांधली. बटण दाबलं. काटा थरथरत वर चढला.

“लई वाईट झालं की,” अण्णा म्हणाले.

“थोडी परत येतेय, म्हणजे अँटेनापर्यंत पोचतेय,” मी म्हणालो.

“तलवाडा, धिस इज गड. टँकर सोडा. पूर्वेच्या रस्त्यानं. ओव्हर.”

“गड, तलवाडा. लाऊड अँड क्लिअर. टँकर निघाले.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “मघापासून आमचं ऐकू येत व्हतं का?”

अण्णांनी माझ्या हातातून माईक घेतला. “समदं. ओव्हर.”

शेवटच्या टँकरबरोबर रंगनाथ आला. अण्णांनी त्याला मुद्दाम आपल्या शेजारी जेवायला बसवलं आणि भाकरी वाढत राहिले. मान वर न करता त्यानं मला विचारलं, “पिन काढून बघायचं पवारांचंच ना?”

“हो.”

हवालदार पवार, आमच्या छोट्या तुकडीचे प्रमुख, डिटॅचमेंट कमांडर; पिन काढून बघायचं त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. बर्फातल्या चौकीवर काटा खाली होता आणि पुढची पोस्ट उत्तर देत नव्हती. मीटरवर न विसंबता ते स्वतः कड्यावर अँटेना बघायला गेले. ती त्यांनी नीट बांधली. उतरताना बर्फाचा कडा सुटला. त्यांच्या मृत्यूचा मेसेज मी त्याच अँटेनावरून पाठवला. समोरून पहिल्याच हाकेला उत्तर आलं.