बिडकीनची एकटीची उपासना

नगरहून निघालेली एसटी दुपारी औरंगाबादला पोहोचली. तिथून पैठणची गाडी धरली, तर चितेगावला ती पंक्चर. सगळे उतारू लिंबाखाली चहा प्यायला बसले.

"कुणाकडं निघालात?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"बिडकीनला. सुशीला सिस्टर माझी मावशी."

"सिस्टरबाई व्हय! रविवारी लई जोरात गातात त्या!"

मला नवल वाटलं. मावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. गावातली बाकीची ख्रिस्ती कुटुंबं चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्यावर शहरात गेली. उरली ती एकटी. आईनं मला तिला कायमचं घेऊन यायला धाडलं होतं. "ना चर्च, ना मंडळी," आई म्हणाली होती, "एकटीनं कसली उपासना करते ती?" खरं तर मलाही तेच बघायचं होतं.

संध्याकाळी पोहोचले. जोंधळ्याची (ज्वारीची) गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन झोपले. तिला न्यायला आलेय हे काही बोलले नाही.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी मावशीनं स्वच्छ पांढरं पातळ नेसलं, सतरंजी अंथरली आणि बसल्याबसल्या गाऊ लागली. सूर पार भरकटलेला, आवाज मात्र खणखणीत. मग डोळे मिटून बोलायला लागली. शेजारच्या पोराचा ताप, आटलेली विहीर, दुखणारा गुडघा. मध्येच म्हणाली, "आमच्या ह्यांना इतक्या लवकर नेलंस, त्याचा राग अजून गेला नाय माझा. तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू?" आणि पुन्हा गाऊ लागली.

"आता तू," ती म्हणाली.

आम्ही चर्चमध्ये म्हणतो ती प्रार्थना मी सुरू केली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "ते पाठ हाय गं. तुझं तू बोल."

लहानपणापासून गायकवृंदात गाणारी मी. तोंडातून शब्द फुटेना. अंगणात कोंबडी कुरकुरत होती. मावशी वाट पाहत राहिली. शेवटी तिनंच हळूच "आमेन" म्हटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हमीदाबी शेवयांची वाटी घेऊन आल्या. "मागल्या इतवारी (रविवारी) आवाज नाय आला, तर मी धावत आले. बघते तर सिस्टरला बुखार! यांची इबादत (उपासना) ऐकल्याबिगर मला करमत नाय."

त्या गेल्यावर मी मावशीला विचारलं, "चर्चची आठवण येत नाही?"

"येते की. पहिल्या वर्षी नुसती रडायचे. कंटाळून एक दिवस त्याच्याशीच भांडले. तवापासून बोलणं सुरू झालं."

"मग आमच्याकडे चल ना."

"नाताळाला येईन. राहायला नाय." माझ्या पिशवीत तिनं शेंगांची पुरचुंडी कोंबली.

मी एकटीच परतलेली पाहून आई रुसली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भांडते? देवाशी?"

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत मी स्वयंपाकघराचं दार लोटून खाली बसले. प्रार्थनेचं पुस्तक मुद्दाम घेतलं नाही. "प्रभू," म्हटलं आणि चक्क लाज वाटली; रोज घरी येणाऱ्या माणसाशी पहिल्यांदाच एकटीनं बोलायची वेळ यावी तशी. "तुझ्याशी काय बोलायचं, मला कळत नाही," मी म्हणाले. पुढं काही सुचलं नाही. पण उठावंसंही वाटलं नाही.