दोघांचे रिपोर्ट

लग्नाला अडीच वर्षं झाली तेव्हा दवाखान्याच्या फाइलमध्ये माझे अकरा कागद होते आणि माझ्या नवऱ्याचा एकही नव्हता. सोनोग्राफ्या, साखर, थायरॉइड, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत ते दाखवणारा एक्स-रे, सगळं माझंच. तो एक्स-रे काढताना इतकं दुखलं की टेबलावरून उतरल्यावर पाच मिनिटं मला सरळ उभं राहता आलं नाही.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गाड्यांना लागणारे सुटे भाग मोजायचे, मापात बसतील ते पुढे पाठवायचे, नाही ते लाल पेटीत टाकायचे. नवरा दिंडोरीजवळच्या गावचा, घरची द्राक्षबाग बघणारा. माझ्या नोकरीसाठी आम्ही पंचवटीत राहायचो. सकाळी तो मोटरसायकलवर बागेत जायचा आणि मी स्कूटरवर कंपनीत. शनिवारी संध्याकाळी दोघं गावी. रविवारी शेजारपाजारचं कुणीतरी यायचंच. माझ्या पोटाकडे बघत विचारायचं, "काय गं, हाय का काही नवीन?"

माझं थायरॉइड थोडं वाढलेलं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत ते जागेवर आलं. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं आता सगळं ठीक आहे. मिस्टरांची तपासणी करून आणा. खरं तर ती सगळ्यात आधी व्हायला हवी होती. साधी असते." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी चार महिने आमच्या फ्रिजवर पडून होती.

"मला काय झालंय?" नवरा म्हणायचा. "पन्नास किलोची गोणी एकटा उचलतो मी."

गोणीचा आणि याचा संबंध काय, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो उठून गच्चीवर गेला.

मग एका रविवारी जेवताना सासूबाईंनी विषय काढला. माझ्या जावेच्या माहेरी कुणालातरी एका नव्या डॉक्टरांचा गुण आला होता. "पुढच्या आठवड्यात हिला घेऊन जा तिकडं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नव्यानं सगळं तपासत्यात म्हणे."

माझा घास हातातच राहिला. नव्याने सगळं, म्हणजे तो एक्स-रे पुन्हा.

"आई, मी जाणार नाही," मी म्हणाले. "मी आता साधी सुईसुद्धा टोचून घेणार नाही. आधी यांची तपासणी होऊ दे."

पंगतीत सासरे होते, दीर होता. नवरा ताटावरून उठला.

"पुरुषाला असं चारचौघांत बोलत्यात का?" सासूबाई चिडल्या.

"माझं दोन वर्षं चारचौघांतच चाललंय की, आई."

शब्द मागे घ्यायचे नाहीत हे मी तिथेच ठरवलं. पुढे पानातलं सगळं संपवलं. भूक नव्हती, तरी संपवलं.

चार दिवस नवरा माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी तर मलाच वाटलं, फार ताणलं का आपण? मग पाचव्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "आमच्यात कोणी असलं केलेलं नाही. कमी निघालं तर गावात तोंड कसं दाखवू?"

"कंपनीत दोन भाग एकमेकांत बसत नसले तर मी दोन्ही मोजते," मी म्हणाले. "एकच पुन्हा पुन्हा मोजून काय कळणार आहे? आणि जे निघेल ते गावाला कशाला सांगायचं? तुला आणि मला कळलं की पुरे."

त्याने कप विसळून ठेवला. मग म्हणाला, "कुठंय ती चिठ्ठी?"

लॅबमध्ये त्याला एक खोली दाखवली. तिची कडी नीट लागत नव्हती आणि बाहेरच बाकावर माणसं बसलेली. दोन मिनिटांत तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला, कपाळाला घाम. तिथल्या ताईंना याची सवय असावी. "घरून आणा," त्या म्हणाल्या. "पण अर्ध्या तासाच्या आत पोचवा, आणि डबी गार होऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचवटीतून निघालो. मी स्कूटर चालवत होते, तो मागे. डबी त्याच्या शर्टाच्या खिशात, वर स्वेटर, वर त्याचा हात. भाजीबाजारापाशी कोथिंबिरीचा टेम्पो मागे घेत होते, एक रिक्षा आडवी झालेली. मी हॉर्नवरचा अंगठा काढेना.

"हळू चालव, सांडेल," तो मागून ओरडला.

"हळू चालवू की वेळेत पोचवू?"

"झाकण घट्ट लावलंय, चालव मग!"

हे तो इतक्या जोरात म्हणाला की भाजीवाली मावशी वळून बघायला लागली. मला हसू फुटलं, मग त्यालाही. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसत होतो. पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

रिपोर्टमध्ये शुक्रजंतू कमी होते आणि त्यांची हालचालही कमी. दवाखान्याच्या जिन्यात तो पायरीवर बसून राहिला. मी शेजारी बसले. मी जिंकले असं मला क्षणभरही वाटलं नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला सरळ विचारलं. तंबाखू? सोळाव्या वर्षापासून. बागेत फवारणी करताना मास्क, हातमोजे? कधीच नाही.

"कशामुळे झालंय ते मी खात्रीने सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण या दोन्ही गोष्टी आजपासून बदला. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. तेव्हा पुन्हा बघू."

तंबाखू त्याने दोनदा सोडली. पहिल्यांदा पाच दिवस टिकला. दुसऱ्यांदा चिडचिड करत, बडीशेप चघळत टिकला. मास्क घालून ट्रॅक्टरवर बसला तर शेजारचे बागायतदार हसले. तो घालत राहिला. तीन महिन्यांनी आकडे पुरते चांगले नव्हते, पण वाढले होते. आणखी दोन महिन्यांनी माझी पाळी चुकली.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो तेव्हा ठोका नव्हता.

मी डॉक्टरबाईंना एकामागून एक विचारत सुटले. स्कूटरमुळे झालं? कंपनीत उभी राहते त्यामुळे? परवा पाण्याची बादली उचलली होती त्यामुळे? त्या प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाल्या. "अशा वेळी बहुतेकदा गर्भाची सुरुवातच नीट झालेली नसते. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही."

संध्याकाळी सासूबाई आल्या. आता बोलणी खायची, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या गादीच्या कडेला बसल्या आणि माझे पाय चेपायला लागल्या. चेपता चेपता म्हणाल्या, "माझी दोन गेली. तुझ्या नवऱ्याच्या आधी. दुसरं गेलं त्याच्या चौथ्या दिवशी मी शेतात निंदायला गेले व्हते. कुणाला बोलले नाय. आज तुलाच सांगते."

मी उठून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यानंतरच्या रविवारी शेजारीण ओट्यावर आली आणि नेहमीसारखं विचारायला लागली. सासूबाईंनी तिला मध्येच थांबवलं. "तिला नाय विचारायचं. काय असंल ते मला विचारायचं."

डॉक्टरबाईंनी एक पाळी येऊन गेल्यावर पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही म्हटलं होतं. मला मनाने तयार व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. पण फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मी एक दिवसही चुकवली नाही. गोळी घेतली की वाटायचं, आज आपण एवढं तरी केलं.

पुन्हा दिवस राहिले. सहाव्या आठवड्यात कंपनीच्या बाथरूममध्ये मला रक्ताचे डाग दिसले. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आधीच्या वेळी मी त्यांना पोट बिघडलंय सांगून रजा घेतली होती. या वेळी मी म्हणाले, "सर, मी गरोदर आहे आणि रक्त जातंय. मला आत्ता दवाखान्यात जायचंय." ते गोंधळले, पण उठून स्वतः कंपनीची गाडी बोलावली.

नवरा फवारणीच्या कपड्यांतच पोचला. अंगाला औषधाचा वास येत होता म्हणून तो दाराबाहेरच थांबला. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी गोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

"हा ठोका," त्या म्हणाल्या. "असे डाग बऱ्याच जणींना दिसतात. रक्त वाढलं किंवा पोटात दुखलं तर लगेच या. नाहीतर आठ दिवसांनी पुन्हा बघू."

"आहे का?" बाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

"आहे!" मी पडल्या पडल्या ओरडले.

ते आठ दिवस मी रोज डाग मोजले. तीन दिवसांनी ते थांबले. पुढचे महिने सोपे नव्हते, पण मी कामावर जात राहिले, डॉक्टरबाईंनी परवानगी दिली तिथपर्यंत. एप्रिलच्या छाटणीत, बागेत वीस माणसं कामाला लावलेली असताना मला कळा सुरू झाल्या. नवरा माणसं भावावर सोपवून आला. मुलगी झाली, अडीच किलोची, काळ्याभोर केसांची. सासूबाईंनी तिला आधी माझ्या हातात दिलं आणि मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं.