पंखाखालचं दुसरं अंथरूण

जेवणं झाली की माझी मुलगी मोबाईलवर लोकांचे असले अनुभव मोठ्यानं वाचत बसते. कुणाला घाटात बाई दिसली, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू आले... मी भांडी घासता घासता ऐकते आणि मनात म्हणते, या लोकांची झोप पुरी होत नसेल. आमच्या घरात बुद्धवंदना आहे. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची सासूबाईंनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. त्यामुळं हे जे लिहिते आहे ते कुणाला पाठवायला नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. कागद काही माझ्या तोंडाकडं बघत नाही, म्हणून लिहिते.

शहराबाहेर शेंद्रा गावात आमचं बिछायतीचं काम आहे. लग्नकार्याला गाद्या, उशा, चादरी, रजया पुरवायच्या. माझे मालक, म्हणजे आमचे हे, टेम्पो चालवतात, गाद्या चढवतात-उतरवतात. शिवण, भरण आणि अंथरणं मी आणि माझी जाऊ, कांताबाई, बघतो.

या कामात आमची एक रीत आहे. अंथरूण घातलं की पायाकडचा एक कोपरा आत दुमडायचा. दुमडलेला कोपरा म्हणजे जागा रिकामी. ज्याला झोपायचं तो येतो, आपल्या हातानं कोपरा सरळ करतो आणि आडवा होतो. सरळ कोपऱ्याची गादी म्हणजे कुणाची तरी आहे, तिला दुसरं कुणी हात लावत नाही. वऱ्हाड कितीही मोठं असो, जागेवरून भांडण होत नाही. यात देवधर्म काही नाही. नुसती सोय.

मागच्या हिवाळ्यात आम्हाला वेगळंच काम आलं. जालना रोड सोडून आत गेलं की एक मोठा माळ लागतो. तिथं एका कारखानदार शेठनं स्वतःच्या जमिनीवर धावपट्टी केली आहे. छोटी छोटी विमानं घेऊन हौशी लोक तिथं जमणार होते. पुण्याचे, नाशिकचे, हैदराबादचे. आणि हॉटेलात न जाता आपापल्या विमानाशेजारीच झोपणार होते. तीच त्यांची मजा म्हणे. आम्ही फक्त अंथरुणं घालायची.

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा विमानं ओळीनं उभी होती. वाऱ्यानं हलू नयेत म्हणून जमिनीत खुंट्या ठोकून दोरानं बांधलेली. कांताबाईंनी टेम्पोतून उतरायच्या आधीच म्हटलं, "अगं बया, ही तर बैलांसारखी दावणीला बांधलीत. कडबा टाकायचा का यांना?"

"गप बसा, वहिनी," हे म्हणाले. "ऐकतील ती माणसं."

"ऐकू द्या की. त्यांना कुठं मराठी येती."

तेवढ्यात शेजारच्या पिवळ्या विमानाच्या पलीकडून एक बाई हसत बाहेर आल्या. "येते हो मला. आणि कडबा नको, याला पेट्रोल लागतं."

त्या मॅडम पुण्याच्या. साठीच्या असतील. केस बारीक कापलेले, पायात बूट, चेहरा उन्हानं रापलेला. विमान त्यांचं स्वतःचं होतं आणि त्या स्वतः चालवत आल्या होत्या. मला वाटलं, अशी बाई माझ्याशी काय बोलणार. पण त्या माझ्याशीच बोलल्या. हवा भरायची गादी त्यांनी घरून आणली होती. तिची हवा मधेच निघून जाते, कंबर जमिनीला टेकते, आणि खालून गार लागतं ते वेगळंच.

"ताई, खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "मला झोपच येत नाही. कितीतरी महिने झाले. घरात तर डोळ्याला डोळा लागत नाही. विमानाशेजारी थोडी तरी येते म्हणून मी असल्या ठिकाणी येते. उद्या सकाळी मला उडायचंय. झोप झाली नाही तर मी विमानाला हात लावत नाही. तो माझा नियम आहे."

मी काम मन लावून केलं. आधी पंखाखालची जागा हातानं चाचपून बारीक खडे वेचले. उताराकडं पाय येतील अशी दिशा धरली. कंबरेच्या जागी माती थोडी उकरून खोलगट केली, वर वाळलं गवत, त्यावर जाड सतरंजी, मग नव्यानं पिंजलेल्या कापसाची गादी. अशी गादी फुगीर असते. माणूस झोपला की खड्डा पडतो, उठला की हळूहळू वर येते. मॅडमना तंबूत गुदमरतं, म्हणून उघड्यावरच, पण पंखाचं छप्पर होतं डोक्यावर.

विमान दोन माणसांचं. त्यांची एक मैत्रीण हैदराबादहून येणार होती म्हणून दोन अंथरुणं शेजारी शेजारी घातली. मॅडमनी लगेच दोन्हींचे कोपरे सरळ केले, उशा थोपटल्या आणि म्हणाल्या, "वा, किती छान." थोड्या वेळानं फोन आला. मैत्रिणीचं येणं रद्द झालं.

आता खरं तर मी जाऊन दुसऱ्या गादीचा कोपरा परत दुमडायला हवा होता. निघताना मला टेम्पोतून तो सरळ कोपरा दिसलाही. पण तोवर सगळे पायलट लोक खुर्च्या टाकून तिथंच पिवळ्या विमानापाशी चहा पीत बसले होते, मोठमोठ्यानं हसत होते. त्यांच्या मधून जाऊन वाकून कोपरा दुमडायचा... मला लाज वाटली. म्हटलं, एका गादीनं काय होतंय.

सकाळी गाद्या गोळा करायला आम्ही परत गेलो. गारठा चांगलाच होता. विमानांवर, तंबूंवर, गवतावर दव पडून सगळं ओलं झालं होतं. नेहमी अशा वेळी माणसं तोंड धूत, गप्पा मारत फिरत असतात. तिथं सगळे पिवळ्या विमानाभोवती गोळा झालेले. कुणी जोरात बोलत नव्हतं.

मॅडम उठत नव्हत्या.

हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. त्यांच्यातच एक हैदराबादचे डॉक्टर होते. ते मनगट धरून बसले होते. "नाडी आहे," ते हिंदीत म्हणाले, "पण फार हळू. आणि आणखी हळू होतेय." शहरातून अॅम्ब्युलन्स निघाली होती, पण जालना रोडच्या ट्रॅफिकमधून यायला वेळ लागणार होता. मॅडम काही गोळ्या घेतात का, कुणी विचारलं. त्यांची बॅग बघितली. गोळी नाही, बाटली नाही, काही नाही. चेहऱ्यावर त्रासही नव्हता. लहान मूल आईजवळ झोपतं तसं तोंड होतं.

मी माणसांच्या मागं उभी होते. मला त्यांचा हात दिसला. उजवा हात रजईबाहेर काढून शेजारच्या गादीवर ठेवलेला, तळवा वर, बोटं मिटलेली. कुणाचा तरी हात धरावा तशी.

मग मी ती दुसरी गादी बघितली. उशीला खळगा होता. गादीला खड्डा होता... डोक्यापासून पायापर्यंत, कुशीवर, मॅडमकडं पाठ करून झोपलेल्या माणसाचा. बारीक अंगाच्या बाईमाणसाचा. कोपरा सरळच होता.

"रात्री इथं कोण झोपलं होतं?" मी कांताबाईंच्या कानात विचारलं. त्यांनी पुढं होऊन विचारलं. कुणीच नाही. सगळे आपापल्या जागी होते.

मी खाली बसले आणि गादीवर हात ठेवला. एवढ्या गारठ्यात ती ऊबदार होती. माणूस असताना असते तेवढी. मी पटकन कोपरा धरून दुमडायला गेले. कोपरा उचलेना. मूल गादीवर झोपलेलं असताना खालून चादर ओढावी तसं जड लागलं. ह्यांना खुणावलं. हे गाद्यांची चळत एका खांद्यावर टाकून चालतात. त्यांनीही दोन्ही हातांनी ओढलं.

"ओली झाली काय गं ही?" ते म्हणाले. "लई जड झाली."

"ओली नाय," कांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "पंखाखाली दव पडतंय व्हय?"

डॉक्टरांनी मॅडमच्या छातीवर कान ठेवला आणि कुणाला तरी इंग्रजीत काही सांगितलं. ऐकून दुसऱ्यानं डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की अॅम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ राहिलेला नाही.

लग्नात कुणी चुकून दुसऱ्याच्या गादीवर झोपलं की आम्ही काय करतो? त्याला उठवतो. एवढंच मला सुचलं. पण ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं, रिकाम्या गादीला सांगायचं होतं. मला कानशिलं गरम झालेली आठवतात. ही शिकलेली माणसं मला वेडी समजतील, ह्यांची मान खाली जाईल, हे काम पुन्हा मिळणार नाही... सगळं डोक्यात येऊन गेलं. मग मॅडमचे ओठ बघितले. निळे पडत चालले होते.

"उठा, बाई," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. परत म्हणाले, मोठ्यानं. "उठा. ही जागा तुमची नाय. कोपरा माझ्याकडून सरळ राहिला. मॅडमचा हात सोडा आणि उठा."

कुणी हसलं नाही.

आधी उशीचा खळगा भरला. मग पाठीच्या जागचा कापूस वर आला, मग कंबरेचा. थोडा वेळ फक्त गादीच्या कडेला खड्डा राहिला. झोपेतून उठून माणूस पाय खाली सोडून बसतो ना, तिथं. मग तोही भरला. मॅडमची बोटं उघडली. मी कोपरा दुमडला, तो हलकाच होता.

मॅडमना ठसका आला. मोठा श्वास घेतला आणि त्यांनी डोळे उघडले. सगळीकडं एकदम गलबला झाला. डॉक्टर हिंदीत ओरडत होते, "मागं व्हा, हवा येऊ द्या." मॅडमनी मात्र मान वळवून शेजारची गादी बघितली आणि मला विचारलं, "त्या कुठं गेल्या?"

"कोण मॅडम?"

"तोंड नाही दिसलं. पाठ करून झोपल्या होत्या. मी विचारलं, थंडी वाजतेय का? तर म्हणाल्या, नाही, आज नाही." मग म्हणाल्या, "इतकी छान झोप मला जन्मात लागली नव्हती, ताई."

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. फार दिवसांचा थकवा असेल, असं सांगून सोडून दिलं. त्यांचं विमान दुसऱ्या कुणीतरी पुण्याला नेलं. शेठच्या माणसाला आम्ही विचारलं, या माळावर पूर्वी कुणी राहायचं का, काही झालं होतं का. तो म्हणाला, काही नाही, इथं नुसती कुसळं होती. गावातल्या म्हाताऱ्यांनाही काही सांगता आलं नाही.

हे आजही म्हणतात की गादी दवानं जड झाली होती. कांताबाई त्या विषयावर बोलतच नाहीत, एरवी त्यांना गप्प करणं अवघड. मी अजून भूत मानत नाही. जे माझ्या हाताला लागलं ते काय होतं, तेही मला माहीत नाही.

मॅडमचा अधूनमधून फोन येतो. झोप परत गेली म्हणतात. परवा म्हणाल्या, या वर्षीही येणार आहे, ताई, मला दोन अंथरुणं घालाल ना? मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. विचारलेलं नाही.

पण मनाला लागलंय ते वेगळंच आहे. चुकीच्या जागेवरून उठवलं की माणूस कुरकुरतं. निदान विचारतं, मग मी कुठं झोपू? आम्हीही त्याला दुसरी गादी दाखवतो, तसंच सोडत नाही. त्या गादीवरची ती काहीच बोलली नाही. एका शब्दावर उठली, उठवून घ्यायची सवयच असावी तशी. पंखाबाहेर गवतावर दव होतं. आमच्या टेम्पोत गाद्या कितीतरी पडून होत्या, आणि मी तिला एकही दाखवली नाही.